रंगशंका: मनिलात काय बघू, आणि गोधडीला कला म्हणायचं का?

या वेळी पत्रं कमी आणि व्हॉट्सअॅप जास्त आलेत, त्यातही एकाच कुटुंबाच्या मनिला ट्रिपमुळे फिलिपिन्सचा विषय निघाला आणि मग बाकीच्या उत्तरांतही तो घुसत राहिला, तर चालवून घ्या. तसंही आपल्याकडे मॉडर्न आर्ट म्हटलं की पॅरिस नाहीतर न्यूयॉर्क, शेजारच्या आशियातले लोक काय करत होते ते आपण बघतच नाही.

ताई, आमची मुलगी मनिलाला जॉबला आहे, मे महिन्यात आम्ही दोघं जातोय. ती ऑफिसला गेली की आम्ही दिवसभर मोकळे. मॉल किती बघणार? तिथे चित्रंबित्रं बघण्यासारखी आहेत का? आमची मजल राजा रविवर्मा आणि फार तर हुसेनचे घोडे, त्यापुढे काही कळत नाही. — कोथरूडहून एक जोडपं

रविवर्मा आणि हुसेन ठाऊक आहेत ना, मग बरंच झालं की. फिलिपिन्सच्या चित्रकलेची गाडीपण साधारण याच स्टेशनांवरून गेलीय, फक्त आपल्याकडे इंग्रज होते आणि त्यांच्याकडे १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पॅनिश आणि मग अमेरिकन.

मनिलात नॅशनल म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला जाच. तिकीट नाही, फुकट आहे (हे पुणेकरांना आधी सांगितलेलं बरं). सुट्टीचा वार कुठला ते तेवढं मुलीला चेक करायला सांगा. आत गेलात की हुआन लुनाचं 'स्पोलियारियम' समोर येतं, जवळपास चौदा फूट उंच आणि पंचवीस फूट रुंद, म्हणजे आपल्या टू बीएचकेतल्या कुठल्याही भिंतीवर मावणार नाही असं. विषय रोमचा आहे. आखाड्यात मेलेल्या ग्लॅडिएटरांची प्रेतं ज्या जागेत ओढत आणायचे आणि अंगावरचं काढून घ्यायचे ती ही जागा. मधे प्रेतं फरफटत चाललीयत, डावीकडे बघ्यांची गर्दी, उजवीकडे एक बाई जमिनीवर कोसळलीय. आधी लांब उभं राहून सगळं एकदम बघा, मग जवळ जाऊन फक्त उजवीकडचा अंधार बघा. बहुतेक लोक मधल्या प्रेतांचा फोटो काढतात आणि निघतात, त्या कोपऱ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

आता रोमच्या चित्राचा फिलिपिन्सशी संबंध काय, तर १८८४ ला माद्रिदच्या मोठ्या प्रदर्शनात या चित्राला सुवर्णपदक मिळालं, त्याच प्रदर्शनात हिदाल्गो नावाच्या दुसऱ्या फिलिपिनो चित्रकाराला रौप्यपदक मिळालं, म्हणजे गुलाम देशातली पोरं मालकाच्या राजधानीत जाऊन मालकाच्याच स्टाइलमध्ये बक्षिसं घेऊन आली. होसे रिझाल, जो पुढे त्यांचा राष्ट्रपुरुष झाला, तेव्हा माद्रिदमध्येच शिकत होता, त्याने सत्काराच्या जेवणात भाषण ठोकलं. तेव्हापासून लोक ते रोमचं चित्र आपल्याच देशाचं म्हणून वाचायला लागले. आपल्याकडे काँग्रेस स्थापन व्हायला अजून एक वर्ष होतं, बघा.

मग अमोर्सोलो बघा. फर्नांडो अमोर्सोलो, भातशेती, टोपल्या घेतलेल्या हसऱ्या बाया, आणि ऊन नेहमी मागून, त्यामुळे केसांच्या आणि खांद्यांच्या कडा सोन्यासारख्या चमकतात. तुम्हाला लगेच आवडेल. १९७२ ला त्यांच्या सरकारने 'नॅशनल आर्टिस्ट' हा किताब सुरू केला तो पहिला यालाच दिला. उजेडाची ही हौस आपल्या चित्रकार हळदणकरांनाही होती, ती हातात दिवा धरलेली बाई, जी म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि जिला अर्धं पुणे अजूनही रविवर्माचीच समजतं.

वेळ उरला तर त्याच म्युझियममध्ये बोतोंग फ्रान्सिस्कोचं फिलिपिन्सच्या इतिहासावरचं भलंमोठं म्युरल आहे, आधी ते मनिलाच्या सिटी हॉलमध्ये होतं. काका लोकांना ते जास्त आवडतं, कारण त्यात गोष्ट आहे, लढाया आहेत, आणि प्रत्येक माणूस ओळखायचा खेळ खेळता येतो.

ताई, मी फाइन आर्टच्या सेकंड इयरला आहे. क्यूबिझम, एक्स्प्रेशनिझम, फ्यूचरिझम सगळे इझम पाठ करतोय, सालं लक्षात राहतात पण हे सगळं युरोपातल्या लोकांचं आहे, आपण ते काढलं की कॉपीच ना? सर म्हणतात 'आपल्या मातीतलं काढा', म्हणजे नक्की काय काढू, शनिवारवाडा? — टिळक रोड

शनिवारवाडा नको, तो ऑलरेडी खूप जणांनी काढलाय.

तुझा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे रे. व्हिक्टोरियो एदादेस नावाचा माणूस अमेरिकेत सिअॅटलला शिकायला गेला, तिथे त्याने युरोपातलं नवीन आर्ट बघितलं आणि १९२८ ला मनिलाला परत येऊन प्रदर्शन भरवलं. त्यात 'द बिल्डर्स' नावाचं मोठं चित्र, मजूर दगड हलवतायत, अंगं पिळवटलेली, रंग मातकट, कडा जाड काळ्या. लोक तोवर अमोर्सोलोच्या सोनेरी उन्हात बसलेले, ते हादरलेच. पुढे कितीतरी वर्षं पेपरांतून भांडणं चालली, एका बाजूला एदादेस, दुसऱ्या बाजूला तोलेंतिनो नावाचा बडा शिल्पकार. एदादेसच्या बाजूच्या लोकांना पुढे 'थर्टीन मॉडर्न्स' म्हणायला लागले, आपला बोतोंगही त्यातलाच, आणि त्या तेरांत बाई एकच, अनिता मागसायसाय-हो. भांडण मिटलं म्हणशील तर १९५५ ला एका स्पर्धेच्या प्रदर्शनातून जुन्या वळणाचे चित्रकार रागारागाने आपली चित्रं उचलून बाहेर निघून गेले आणि बाहेरच मांडून बसले. मुंबईत १९४७ ला सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला तेव्हाची हवाही साधारण अशीच तापलेली होती.

आता कॉपीचं. तू विसेंते मनान्सालाची चित्रं शोध. हा पॅरिसला जाऊन लेजे या क्यूबिस्ट चित्रकाराकडे शिकून आला, म्हणजे क्यूबिझम थेट दुकानातूनच आणला. पण पिकासोच्या क्यूबिझममध्ये वस्तू फुटते आणि तुकडे एकमेकांत घुसतात, काय आहे ते शोधावं लागतं. मनान्सालाने काय केलं, तुकडे पारदर्शक केले. काचेवर काच ठेवल्यासारखे थर, मागचा माणूस पुढच्या माणसातून दिसतो, आणि तरी आई आई दिसते, मासे मासे दिसतात. त्याला 'ट्रान्सपरंट क्यूबिझम' म्हणतात. आणि विषय कुठले? मच्छी विकणाऱ्या बाया, जीपनी (महायुद्धानंतर अमेरिकन लोक ज्या जीप टाकून गेले त्यांच्या केलेल्या शेअर गाड्या), झोपडपट्टीतली आई आणि मूल. ते 'मॅडोना ऑफ द स्लम्स' १९५० चं आहे. १९४५ च्या लढाईत मनिलाचा पार चुराडा झाला होता, माणसं पत्र्याच्या तुकड्यांखाली राहत होती. फुटलेल्या शहरात राहणाऱ्या माणसाने फुटलेल्या आकारांची भाषा उचलली याला मी तरी कॉपी म्हणणार नाही, आणि जिथे माणूस माणसाच्या अंगावर राहतो तिथे एकातून दुसरा दिसणार नाही तर काय.

तर मातीतलं म्हणजे विषय मराठी करणं एवढंच नाही. क्यूबिझमच्या चौकटीत पगडी बसवली की झालं असं समजून गल्लोगल्ली चित्रं निघतात, मला ती बघवत नाहीत. तुझ्याकडे असं काय आहे जे त्या तंत्राला वाकायला लावेल ते बघ. स्वारगेटच्या चौकात सहा वाजता उभा राहा, मेट्रोचं काम, बॅरिकेड, पीएमपीला लटकलेले लोक, एकाच वेळी किती गोष्टी एकमेकांच्या पुढे-मागे आहेत ते मोज. मग सांग कुठला इझम लागतो ते, कदाचित एकही लागणार नाही.

आणि परीक्षेत प्रत्येक इझमखाली 'हे लोक कोणावर चिडले होते' एवढी एक ओळ लिहायची सवय लाव, साल आपोआप लक्षात राहतं.

कॅनव्हासवर दोन रेघा आणि लाखोंची किंमत. माझा सहा वर्षांचा नातू यापेक्षा बरं काढतो. — औंध

काढत असेल की, सहा वर्षांची मुलं भारीच काढतात. त्याला उद्या तेच परत काढायला सांगा, मग परवा, मग थोडं बदलून पण तेवढंच मोकळं. फर्नांडो झोबेल नावाचा मनिलात जन्मलेला चित्रकार होता, त्याला कॅनव्हासवर हव्या तितक्या बारीक रेघा ब्रशने येईनात म्हणून त्याने इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये रंग भरून रेघा मारल्या, ती 'साएता' नावाची मालिका आहे. लाखोंच्या किमतीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे, तो बाजार आहे आणि त्याचं गणित रेघांवर चालत नाही.

गेल्या अंकात तुम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या इन्स्टॉलेशनचं कौतुक केलंत. खोकी रविवार पेठेत रद्दीच्या भावाने मिळतात. शिवाय हल्ली चित्रकारांना राजकारणाचा फार पुळका. कलेत सौंदर्य असावं एवढी माफक अपेक्षा आहे. — सदाशिव पेठ (पत्र पोस्टकार्डावर, अक्षर फार सुंदर)

काका, अक्षर खरंच सुंदर आहे, जपून ठेवलंय.

खोक्यांचं सांगते. फिलिपिन्समधून लाखो लोक कामासाठी परदेशात जातात, घरकाम, नर्सिंग, जहाजावर. ते घरी एक मोठं खोकं पाठवतात, त्याला 'बालिकबायान बॉक्स' म्हणतात, त्यात साबण, चॉकलेट, डबाबंद मांस, पोरांचे बूट, सगळं कोंबून भरलेलं. आपल्याकडे बोस्टनला निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई तेवीस किलोच्या काट्यावर भाजणी आणि मेतकूट बसवते ना, तेच, फक्त उलट दिशेने. आल्फ्रेडो आणि इसाबेल अक्विलिझान हे नवरा-बायको फिलिपिन्समधूनच ऑस्ट्रेलियात राहायला गेले, त्यांनी घरचं सामान त्या खोक्याच्या मापात दाबून बसवलं आणि त्या ठोकळ्यांच्या भिंती रचल्या. पुठ्ठा स्वस्त आहे हे बरोबर. म्हणूनच तो त्यांनी वापरला, कारण ज्यांची गोष्ट सांगायचीय ती माणसं संगमरवरात सामान पाठवत नाहीत.

आणि राजकारणाचा पुळका म्हणाल तर तिथे तो हौसेने आला नव्हता. १९७२ ला त्यांचा राष्ट्राध्यक्ष मार्कोसने मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावला, १९७६ ला काही तरुण चित्रकारांनी 'काइसाहान' नावाचा गट केला, त्याचा अर्थ एकजूट. त्यातल्या आंतिपास देलोतावोचं १९७८ चं वॉटरकलर आहे, एक म्हातारा, वाळलेला, खांदे पडलेले, मागे भिंतभर कोकाकोलाची लाल जाहिरात, आणि त्या अक्षराची वळणदार शेपटी बरोबर त्याच्या छातीत सुऱ्यासारखी घुसतेय. नावच 'मांग हुआनच्या काळजात सुरा' अशा अर्थाचं. तुम्ही अक्षरावर प्रेम करणारे आहात म्हणून मुद्दाम सांगतेय, त्या एका वळणात अख्खं चित्र आहे, आणि ते वळण देखणं आहे म्हणूनच जास्त टोचतं. सौंदर्य आहेच काका त्यात. गोड नाहीये एवढंच.

वय ४१, हिंजवडीत आयटी. लॉकडाऊनमध्ये परत ड्रॉइंग सुरू केलं, तीन ऑनलाइन कोर्स केले, महागाचे रंग घेतले, इन्स्टा पेज काढलं. आता सहा महिने काही काढलं नाही. सगळे म्हणतात स्वतःची स्टाइल हवी, ती येत नाहीये. वेळही नाही. सोडून द्यावं का? — बाणेर

सोडायचं असेल तर सोडा, कोणी फाइन मारत नाही. पण सोडायचं नाहीये म्हणूनच तर मेसेज केलात.

वेळेचं आधी. वर ज्या झोबेलचं लिहिलं तो मनिलात घरच्या मोठ्या कंपनीत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायचा, साएता त्याच काळातल्या आहेत. पुढे नोकरी सोडून स्पेनला गेला, १९६६ ला तिथे क्वेंका गावात अॅबस्ट्रॅक्ट आर्टचं म्युझियमच काढलं. तुम्ही म्हणाल घरचा पैसा होता, होताच, खोटं कशाला बोलू. मग आपला के. एच. आरा घ्या, मुंबईत लोकांच्या गाड्या धुवायचा, घरकाम करायचा, आर्ट कॉलेजची डिग्री नाही, आणि प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या सहा जणांत बसला. किंवा एर्नांदो ओकाम्पो, थर्टीन मॉडर्न्सपैकी, चित्रकला स्वतःची स्वतः शिकला, गोष्टी लिहायचा, पोटासाठी दुसरी कामं करायचा, आणि अॅबस्ट्रॅक्टमध्ये त्याचे लाल-केशरी जिवंत आकार लांबून ओळखू येतात.

स्टाइलचं म्हणाल तर या तिघांपैकी कोणी स्टाइल शोधायला बसलं असेल असं मला वाटत नाही. झोबेलला बारीक रेघ हवी होती. तुम्हाला काय हवंय? हा प्रश्न कोर्समध्ये विचारत नाहीत, तिथे 'सूर्यास्त कसा काढावा' शिकवतात आणि तुम्ही तो छान काढता, मी तुमचं पेज बघितलं. सूर्यास्त छान आहेत आणि एकसुद्धा तुमचा नाही. बाणेरच्या टेकडीवरून सूर्य असा पडतच नाही, खाली क्रेन असतात आणि धूळ.

तर महागाचे रंग कपाटात ठेवा, ते बघूनच हात आखडतो. अप्पा बळवंत चौकातून साधी शंभर पानी कोरी वही आणि दोन बॉलपेन आणा. कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर पुढच्या सीटवरच्या माणसाची मान काढा. फक्त मान. रोज वेगळी मान, कॉलर, इअरफोनची वायर, झोपलेला असेल तर कलंडलेली. इन्स्टावर टाकायचं नाही, दाखवायचं नाही. वही भरली की आधीची पानं बघा, काही ठिकाणी तुमची रेघ घाईची असेल, काही ठिकाणी अडखळलेली, काही माना तुम्ही मुद्दाम लांब केल्या असतील. तेच तुमचं, त्याला लोकांना स्टाइल म्हणू दे, तुम्ही म्हणू नका.

बाई, मी ७२ वर्षांची, सिंहगड रोडला राहते. आईच्या, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते, हाताने. सूनबाई म्हणते हे टेक्सटाइल आर्ट आहे, सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावू. मला लाज वाटते, पांघरायच्या वस्तूला कोण कला म्हणेल? आणि टांगायच्या कशा, खिळे मारले तर फाटतील.

आजी, सूनबाईंना माझा नमस्कार सांगा.

फिलिपिन्सच्या अगदी उत्तर टोकाला बाटानेस नावाची बेटं आहेत, तिथली पासिता आबाद. १९४६ चा जन्म, घरचे राजकारणात, ती वकील व्हायला निघालेली, ते राहिलं आणि चित्रकार झाली. नवऱ्याच्या नोकरीपायी देशोदेशी फिरायची, बांगलादेश, सुदान, इंडोनेशिया, आणि जिथे जाईल तिथल्या बायकांकडून टाके शिकायची, आपल्याकडचं आरसेकामही तिने उचललं. तिची चित्रं कशी, तर आधी कॅनव्हासवर रंगवायचं, मागे दुसरं कापड लावायचं, मधे कापूस भरायचा आणि वरून हाताने धावदोरा घालायचा, की चित्र फुगून वर येतं. मग त्यावर बटणं, मणी, शिंपल्या, आरसे, टिकल्या. 'ट्रापुंटो' म्हणतात या भरावाच्या शिवणीला, मूळ इटलीची, पण तुम्ही बघितलंत तर म्हणाल ही तर आपली गोधडी, नुसती नटवलेली. फ्रेम नाही, काच नाही, गुंडाळी करून बॅगेत टाकायची आणि पुढच्या देशात. तिचं एक 'एल.ए. लिबर्टी' म्हणून आहे, १९९२ चं, अमेरिकेचा तो स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, पण बाई सावळी आणि अंगावर सगळे झगझगीत रंग. आयुष्यभर लोक तिला 'हे हस्तकलेसारखं वाटतं' म्हणत राहिले. २००४ ला ती गेली. २०२३ ला अमेरिकेत मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने तिचं भलंमोठं प्रदर्शन लावलं, २०२४ ला व्हेनिसच्या बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) तिचं काम होतं. टाके तेच होते, बघणारे बदलले.

आणि फिलिपिन्सचाच कलाकार डेव्हिड मेदाल्ला. त्याने १९६८ पासून नुसतं लांब कापड टांगलं, जवळ सुया-दोरे ठेवले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं काय वाटेल ते शिवा. कोणी नाव शिवलं, कोणी तिकीट, कोणी बटण. सोसायटीच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात असं एक कापड ठेवाच, पोरं तुटून पडतील.

तुमच्या पाठवलेल्या फोटोतली ती जांभळ्या इरकलीची गोधडी, तिच्या डाव्या कोपऱ्यात टाके बारीक आहेत आणि मधे येईपर्यंत मोठे झालेत, एक ओळ तर चक्क वाकडी जाऊन परत सरळ झालीय. ते उसवून नीट करायचा विचार दिसतोय तुमच्या मेसेजमध्ये, कृपा करून हात लावू नका. इस्त्रीपण नको.

टांगायचं असं. गोधडीच्या मागे वरच्या कडेला चार बोटं रुंदीची सुती कापडाची पट्टी आडवी शिवा, दोन्ही तोंडं उघडी, पडद्याला असते तशी नळी. टाके फक्त मागच्या थरातून घ्या, पुढे दिसायला नकोत. त्यातून पडद्याचा पाइप घाला आणि पाइप दोन्ही टोकांना दोरीने टांगा, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं, खिळा गोधडीला लागतच नाही. गोधडी फार जड असेल तर नळी दोन ओळींनी शिवा. खिडकीसमोर लावू नका, जुनी लुगडी उन्हात विटतात. प्रत्येकीखाली चिठ्ठी लावा, शिवणारीचं नाव म्हणजे तुमचं, साल, आणि लुगडी कोणाकोणाची. कोणी 'केवढ्याला?' विचारलं तर लगेच आकडा सांगू नका, सूनबाईंकडे पाठवा, आणि जी द्यायची नाही तिच्या चिठ्ठीवर 'विक्रीसाठी नाही' आधीच लिहून ठेवा, नाहीतर भिडेखातर देऊन बसाल. प्रदर्शन झाल्यावर घडी घालून कपाटात कोंबू नका, घडीवर कापड चिरतं. पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर जुनी सुती चादर गुंडाळा आणि त्यावर गोधडी. कापड दुकानांतून ती नळकांडी टाकूनच देतात, लक्ष्मी रोडला मागितली तर फुकट मिळतील.